चार इंच

पलंग फणसाच्या लाकडाचा, आणि उंच.
उंच का, तर खाली आंब्यांची आढी लागायची.
मार्चपासून गवतावर आंबे, वर बाबा,
आणि पिकणाऱ्या वासात त्यांची झोप.

सव्वातीनला पडले. लघवीला उठताना.
कंबर शाबूत राहिली, कपाळाला पाच टाके.
देवगडच्या डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारलं,
जमिनीपासून गादी किती उंच?
मला सांगता येईना.
बर्फाच्या कारखान्यात रोज लाद्या मोजते मी,
पलंग कधी मोजला नव्हता.

घरी येऊन मोजला. सव्वीस इंच.
पलंगापासून मोरी माझी अकरा पावलं,
त्यांची एकोणीस.
वाटेत एक उंबरठा, एक हलणारी फरशी,
आणि मांजर, जिला कुठेही झोपायची मुभा.

धाकू मेस्त्री करवत घेऊन आला.
तारामुंबरीत होड्यांना फळ्या बसवणारा माणूस,
पलंगाचे पाय कापायचे म्हटल्यावर
बराच वेळ बिडी ओढत बसला.
मग चारही पायांवर पेन्सिलीने रेघ मारली
आणि कापले. चार-चार इंच.
भुसा पिवळाधमक निघाला,
झाड कालच पाडल्यासारखा.
बाबा खुर्चीत बसून बघत होते.
‘आणि आंबे खंय ठेवतलंस?’
एवढंच म्हणाले.

कठडा कोल्हापूरहून मागवला, पांढरा, घडीचा.
सूचनांचा कागद मी दोनदा वाचला:
गादी आणि कठडा यांत फट राहू नये,
माणूस अडकतो.
फट राहिलीच होती.
आईचं एक लुगडं घट्ट गुंडाळून तिथे ठासलं.
‘होडयेचो काठ गुडघ्याइतको,’ बाबा म्हणाले,
‘चाळीस वर्सां त्येच्यावरसून जाळी वडली, पडलंय कधी?
आता पलंगाक काठ कित्याक?’
मी काही बोलले नाही.
पहिल्या आठवड्यात त्यांनी कठड्यावर पंचा वाळत घातला.
दुसऱ्यात रेडिओ टांगला.
मग एकदा पहाटे पाहिलं,
हात कठड्यावरच होता, बोटं मिटलेली.

बाकीचं हळूहळू झालं.
मोरीच्या दाराशी स्टीलचा दांडा,
खाऱ्या हवेनं सहा महिन्यांत तांबडा पडला;
दुसरा बसवला, जाड.
उशाशी घंटीचं बटण, जे त्यांनी
वाजतं का बघायला म्हणून
एका दुपारी बावीस वेळा दाबलं.
प्लॅस्टिकचं भांडं, ज्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
पहाटे मी ते रिकामं करते,
आणि ते तेवढ्यापुरते भिंतीकडे तोंड करून
झोपल्याचं सोंग घेतात.
उंबरठा मात्र काढू दिला नाही.
त्याला पांढरा ऑइलपेंट.

आंबे आता पडवीत, क्रेटमध्ये.
वास आत येतो, पण उशिरा.

कापलेले चार ठोकळे बाबांनी मागून घेतले.
खिडकीत ठेवलेत, एकाशेजारी एक.
कधी एखादा हातात घेऊन रेघ बघतात,
मेस्त्रीनं वाकडी मारली म्हणतात.

परवा रात्री लाइट गेली.
मीच उठले होते. माझंही वय आता अठ्ठावन्न.
अंधारात फरशी ओली, टाच सरकली,
आणि हात आपोआप गेला तो दांड्यावर.
थंड, ओलसर, जाड.
तशीच उभी राहिले थोडा वेळ.
बाहेर भरती, खाडीचा आवाज भिंतीपर्यंत आलेला.
आतून बाबा, झोपेतले नाहीत, अगदी जागे:
‘शालन, धरलंस मां?’
‘व्हय,’ म्हटलं. ‘धरलंय.’